वेबपानात बसवलेला नकाशा: उंची कुणी ठरवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लीफलेट ही जावास्क्रिप्टची नकाशा-लायब्ररी वापरून जिल्ह्यातली आरोग्य केंद्रे दाखवणारा नकाशाचा कंपोनंट तयार झाला आहे आणि तो चार ठिकाणी बसवायचा आहे: लेखाच्या मध्ये, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, टॅबच्या आत आणि दुसऱ्या संस्थांच्या साइटवर आयफ्रेममधून (एका पानात दुसरे पान दाखवणारी चौकट). हाइट १०० टक्के दिली की नकाशा दिसतच नाही. ६०० पिक्सेल पक्की दिली की लॅपटॉपवर ठीक, पण फोनवर सगळा स्क्रीन नकाशाच व्यापतो आणि पान खाली सरकवता येत नाही. टॅबमध्ये उघडला की कोपऱ्यात थोड्या टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) आणि बाकी सगळे राखाडी. या सगळ्याला एकच उपाय आहे का?

एका ओळीचा उपाय नाही, पण तिन्ही दुखण्यांचे मूळ एकच आहे: नकाशाला स्वतःची उंची नसते. मजकुराला असते, ओळी मोजल्या की ती कळते. फोटोला असते, ती फाइलमध्येच लिहिलेली असते. नकाशाचे तसे नाही. झूम ० ला सगळे जग २५६ पिक्सेलच्या एका टाइलमध्ये मावते आणि झूम १८ ला त्याच जगाची रुंदी ६ कोटी ७१ लाख पिक्सेल होते. त्यातला केवढा तुकडा दाखवायचा हे नकाशा स्वतः सांगू शकत नाही. जेवढी चौकट द्याल तेवढे तो दाखवतो, आणि चौकट शून्य असेल तर काहीच दाखवत नाही. ब्राउझर एरवी ‘आत काय आहे’ ते पाहून उंची काढतो. नकाशा ‘बाहेर किती जागा आहे’ ते पाहून स्वतःला भरतो. दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले की उंची शून्य होते. म्हणून ती कुणी, कुठे आणि कशावरून ठरवायची हे आधी नक्की करा. कोड त्यानंतर थोडाच लागतो.

टक्क्यांच्या उंचीचे आधी निस्तरू. हाइट १०० टक्के म्हणजे पॅरेंटच्या, म्हणजे बाहेरच्या घटकाच्या, उंचीच्या १०० टक्के. पॅरेंटची उंची ‘ऑटो’ असेल, म्हणजे आतल्या मजकुरावरून ठरणारी असेल, तर ब्राउझर तुमची टक्केवारी सोडून देतो आणि तुमच्या डिव्हलाही (नकाशाच्या चौकटीलाही) ‘ऑटो’ धरतो. इकडे लीफलेटचे आतले सगळे थर ‘पोझिशन ॲब्सोल्यूट’ असतात, त्यामुळे ते कुणाच्याच उंचीत धरले जात नाहीत. परिणामी नकाशा व्यवस्थित तयार होतो, कन्सोलमध्ये लाल ओळ एकही येत नाही आणि स्क्रीनवर काही दिसत नाही. इन्स्पेक्टर उघडून त्या डिव्हवर माउस न्या; ‘७०० × ०’ असे काहीतरी दिसले की निदान झाले.

यावर बरेच जण पॅरेंटला मिन-हाइट ४०० पिक्सेल देतात आणि तरीही नकाशा का येत नाही म्हणून तासभर डोके धरून बसतात. मिन-हाइट ही फक्त खालची मर्यादा आहे, ठरलेली उंची नव्हे. पॅरेंट दिसायला ४०० पिक्सेलचा झाला तरी त्याची ‘हाइट’ ऑटोच राहते आणि मुलाच्या टक्क्यांना आधार मिळत नाही. यातून सुटायचा भरवशाचा मार्ग म्हणजे पॅरेंटला पोझिशन रिलेटिव्ह आणि नकाशाच्या डिव्हला पोझिशन ॲब्सोल्यूट, इनसेट ० (चारही कडांपासून अंतर शून्य). ॲब्सोल्यूट घटक पॅरेंटच्या प्रत्यक्ष झालेल्या मापाला चिकटतो. ते माप हाइटमुळे झाले, मिन-हाइटमुळे झाले की ग्रिडने ताणल्यामुळे झाले, याच्याशी त्याला घेणेदेणे नसते. एचटीएमएल आणि बॉडीपासून खालपर्यंत सगळ्यांना १०० टक्के द्यायची साखळी पूर्ण पानभर नकाशा असेल तिथे चालते. दुसऱ्याच्या पानात बसणाऱ्या कंपोनंटला ती साखळी मागायचा हक्क नाही.

आता उंची कुणी ठरवायची. माझे मत ठाम आहे: कंपोनंटने एक समंजस डिफॉल्ट द्यावा आणि शेवटचा शब्द बसवणाऱ्या पानाचा असावा. कंपोनंटच्या आत ‘हाइट ६००’ असे गाडून ठेवले तर डॅशबोर्डवाला ते उखडण्यासाठी इम्पॉर्टंट (बाकी नियमांना मागे टाकणारा शेरा) लिहितो, मग तुम्ही पुढच्या आवृत्तीत इम्पॉर्टंट लिहिता, आणि तिथून पुढे ती स्टाइलशीट कुणालाच वाचता येत नाही. दुसरीकडे, डिफॉल्टच दिला नाही तर पहिल्यांदा बसवणाऱ्याला शून्य उंचीचा नकाशा मिळतो आणि कंपोनंट बिघडलेला आहे असेच त्याला वाटते.

तुमचा कंपोनंट कस्टम एलिमेंट (स्वतः नाव दिलेला एचटीएमएल टॅग) असेल तर हे फार सुबकपणे जमते, फक्त दोन बारीक गोष्टी सांभाळा. कस्टम एलिमेंटचा डिस्प्ले मुळात ‘इनलाइन’ असतो, आणि इनलाइन घटकाला विड्थ-हाइट लागूच होत नाहीत. म्हणून शॅडो डॉमच्या (कंपोनंटच्या आतल्या, पानापासून वेगळ्या ठेवलेल्या भागाच्या) स्टाइलमध्ये होस्टला, म्हणजे त्या टॅगला, डिस्प्ले ब्लॉक द्या. ते दिल्याबरोबर ‘हिडन’ ॲट्रिब्यूट निकामी होतो, कारण तुमचा ब्लॉक ब्राउझरच्या स्वतःच्या डिस्प्ले-नन नियमाला मागे टाकतो. त्यासाठी होस्टवर हिडन असेल तेव्हा डिस्प्ले नन, अशी वेगळी ओळ लिहावी लागते. चांगली गोष्ट ही की होस्टवर आतून दिलेल्या नियमांपेक्षा बाहेरच्या पानाचे साधे नियम वरचढ ठरतात, म्हणजे वर म्हटलेला समंजसपणा ब्राउझरमध्येच बांधलेला आहे. होस्टवर विड्थ १०० टक्के, एक ॲस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचे प्रमाण), एक मिन-हाइट आणि एक मॅक्स-हाइट एवढे द्या. ज्याला वेगळे हवे तो आपल्या पानात एका ओळीत बदलेल. लीफलेटची सीएसएस मात्र शॅडो रूटच्या आत घ्यायला विसरू नका. बाहेरची तिथपर्यंत पोहोचत नाही आणि टाइल्स पत्त्यांसारख्या विखुरतात.

ॲस्पेक्ट-रेशो ही प्रॉपर्टी २०२१ पासून क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत आहे. त्याआधी पॅडिंग-बॉटम ५६.२५ टक्के लिहून १६:९ साधायचो, कारण पॅडिंगचे टक्के रुंदीवरून मोजले जातात. जुन्या कोडमध्ये ते अजून दिसेल. काढून टाकायला आता हरकत नाही. खरा प्रश्न रेशो कोणता द्यायचा हा आहे. जवळजवळ सगळे जण १६:९ देतात, कारण व्हिडिओला तो असतो. नकाशाला व्हिडिओचा रेशो देण्याला काहीही आधार नाही. रेशो भूगोलावरून काढायचा असतो.

हे एकदा आकड्यांत पाहू, कारण इथेच सगळ्यात जास्त फायदा पदरात पडतो. महाराष्ट्र साधारण ७२.६ ते ८०.९ पूर्व रेखांश आणि १५.६ ते २२.० उत्तर अक्षांश यांत बसतो. वेब मर्केटरमध्ये (वेब नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात) झूम ६ ला ही चौकट सुमारे ३७८ पिक्सेल रुंद आणि ३०८ पिक्सेल उंच होते, म्हणजे जवळपास ५:४. समजा लेखाचा कॉलम ७०० पिक्सेलचा आहे. १६:९ दिले तर उंची ३९४ मिळते आणि त्यात राज्य जास्तीत जास्त साधारण ४५० ते ४८० पिक्सेल रुंद दिसते. दोन्ही बाजूंना अरबी समुद्र आणि छत्तीसगड. त्याच कॉलमला ५:४ दिले तर उंची ५६० होते आणि राज्य ६३० पिक्सेलच्या पुढे जाते. जिल्ह्यांची नावे वाचता येतात की नाही, ते या फरकावर ठरते. गोव्याचे तर उलटेच आहे: उत्तर-दक्षिण लांबट, रुंदी उंचीच्या साधारण ०.७ पट. ७०० बाय ३९४ च्या चौकटीत गोवा सुमारे २७५ पिक्सेल रुंद उरतो. बाकीची जागा तुम्ही वाचकाला समुद्र आणि कर्नाटक दाखवण्यात घालवलेली असते. पालघर ते सिंधुदुर्ग किनारपट्टीच्या नकाशाला आडवी चौकट देणे तर अगदीच अन्यायाचे आहे. तिथे उभी चौकट आणि बाजूला यादी, हीच मांडणी शोभते.

तुमचा नकाशा जिल्ह्याजिल्ह्यांचा असल्यामुळे रेशो पक्का लिहू नका. प्रत्येक जिल्ह्याच्या सीमेवरून तो काढता येतो: रेखांशांतला फरक भागिले अक्षांशांतला फरक, गुणिले त्या अक्षांशाचा कोसाइन. आपल्याकडे १६ ते २२ अंशांत कोसाइन ०.९६ ते ०.९३ असतो, म्हणजे दुरुस्ती छोटी आहे, पण एका ओळीचे काम आहे तर करावे. आलेला आकडा ०.८ ते १.६ च्या आत आवळा, नाहीतर एखाद्या चिंचोळ्या जिल्ह्याला खांबासारखी चौकट मिळेल. मग तो कस्टम प्रॉपर्टी म्हणून होस्टवर ठेवा. कस्टम प्रॉपर्टी शॅडो डॉमची भिंत ओलांडते, त्यामुळे आत आणि बाहेर दोन्हीकडून ती वाचता-बदलता येते.

चौकट लवचीक केली की सेंटर आणि झूम पक्के लिहिण्याची सवय सोडावी लागते. १२०० पिक्सेलवर छान दिसणारा झूम ३६० पिक्सेलच्या फोनवर पावणेदोन पायऱ्या जास्त ठरतो, कारण प्रत्येक झूमला रुंदी दुप्पट होते. फोनवर मग जिल्ह्याचा मधलाच तुकडा दिसतो आणि कडेची केंद्रे बाहेर राहतात. नेहमी सीमा द्या आणि फिट-बाउंड्सला (दिलेली सीमा चौकटीत बसवणाऱ्या फंक्शनला) झूम काढू द्या. पण लीफलेटमध्ये इथे एक खाच आहे. त्याचा झूम-स्नॅप मुळात १ असतो, म्हणजे तो पूर्णांकी झूमवरच थांबतो. वरचा महाराष्ट्र घ्या: झूम ६ ला ३७८ पिक्सेल, फोन ३६० चा. अठरा पिक्सेल कमी पडले म्हणून लीफलेट थेट झूम ५ वर जातो आणि राज्य १८९ पिक्सेलचे होते. अर्धा फोन शेजारच्या राज्यांना. झूम-स्नॅप ०.२५ केला की तो ५.७५ वर थांबतो आणि राज्य ३१८ पिक्सेल रुंद दिसते. रास्टर (तयार चित्रांच्या) टाइल्स अपूर्णांकी झूमला किंचित मऊ दिसतात हे खरे, पण सुवाच्य आणि थोडा मऊ नकाशा हा रेखीव पण अर्ध्या आकाराच्या नकाशापेक्षा कधीही बरा. मॅपलिब्रेसारख्या व्हेक्टर (रेषा ब्राउझरमध्येच काढणाऱ्या) लायब्ररीत हा प्रश्न येत नाही. तिथे झूम मुळातच अपूर्णांकी असतो. फक्त तिची टाइल ५१२ पिक्सेलची धरलेली असल्यामुळे तिचा झूम ५ म्हणजे लीफलेटचा ६, एवढे लायब्ररी बदलताना लक्षात असू द्या.

आता फोन. नकाशा उंचीने स्क्रीनएवढा झाला की वाचक त्यात अडकतो: पान सरकवायला बोट ठेवतो आणि नकाशा सरकतो. म्हणून मॅक्स-हाइट हवीच, आणि ती स्क्रीनच्या ७० टक्क्यांच्या पुढे नको, म्हणजे वर किंवा खाली पानाचा मजकूर पकडायला जागा उरते. ही मर्यादा ‘व्हीएच’मध्ये (स्क्रीनच्या उंचीच्या टक्क्यांचे एकक) लिहू नका. फोनवर १०० व्हीएच म्हणजे ॲड्रेस बार लपलेला असतानाची उंची, त्यामुळे बार दिसत असताना खालचा भाग स्क्रीनबाहेर जातो. २०२२ पासून एसव्हीएच, एलव्हीएच, डीव्हीएच ही तीन एककं मिळाली. डीव्हीएच नावाने आकर्षक वाटते, पण नकाशासाठी ते टाळा: ॲड्रेस बार लपताना-उघडताना ते बदलत राहते, म्हणजे वाचक नुसता स्क्रोल करत असताना तुमचा नकाशा पुन्हा पुन्हा मापे घेऊन नव्या टाइल्स मागत बसतो. एसव्हीएच बार दिसत असतानाच्या उंचीवरून मोजले जाते आणि स्थिर असते, ते घ्या. मिन-हाइट ३२० पिक्सेल आणि मॅक्स-हाइट ७० एसव्हीएच ही जोडी लेखातल्या बहुतेक नकाशांना पुरते. एवढेच ध्यानात घ्या की दोन्हींची टक्कर झाली तर मिन जिंकते. फोन आडवा धरला की उंची ३२० च्या आसपासच उरते आणि ७० टक्क्यांची मर्यादा तिथे हरते, म्हणून कमी उंचीच्या स्क्रीनसाठी मिन-हाइट २२० पर्यंत उतरवणारी एक मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या मापावर चालणारा नियम) घाला.

मापाइतकेच बोटांचे वागणेही ठरवा, कारण फक्त उंची कमी करून सापळा पुरता सुटत नाही. गुगल मॅप्समध्ये जेस्चर-हँडलिंग ‘कोऑपरेटिव्ह’ असे सांगता येते, मॅपलिब्रेमध्येही तसा पर्याय आहे: एका बोटाने पान सरकते, दोन बोटांनी नकाशा. लीफलेटच्या गाभ्यात हा पर्याय नाही, पण टच उपकरणांवर ‘ड्रॅगिंग’ बंद आणि ‘टच-झूम’ चालू ठेवला की जवळपास तेच मिळते. लीफलेटची सीएसएस अशा वेळी एका बोटाचे सरकणे ब्राउझरकडे सोपवते आणि दोन बोटांचा चिमटा स्वतःकडे ठेवते; चिमट्यासोबत नकाशा सरकतोही. प्लगइनशिवाय एवढे मिळत असेल तर मी प्लगइन घेत नाही. लॅपटॉपवर स्क्रोल-व्हील-झूम बंद ठेवा आणि नकाशावर क्लिक झाल्यावर चालू करा. लेख वाचता वाचता माउसचे चाक फिरवणाऱ्याला अचानक जिल्ह्यातून खंडावर फेकून देऊ नये.

टॅबमधला राखाडी नकाशा. टॅब बंद असताना तो डिस्प्ले नन असतो आणि त्याच्या आत प्रत्येक गोष्टीचे माप शून्य असते. लीफलेट तयार होताना कंटेनरचे माप एकदा घेतो आणि जपून ठेवतो. नंतर माप बदलले हे १.x आवृत्त्यांमध्ये त्याला फक्त विंडोच्या रिसाइझमधून कळते. टॅब उघडला, साइडबार मिटला, अकॉर्डियन उलगडला, यात विंडो बदलत नाही, म्हणून त्याला पत्ताच नसतो. त्यात भर म्हणजे शून्य मापावर फिट-बाउंड्स चालवले की झूमचे गणित कोसळते आणि तो सगळ्यात कमी झूमवर जाऊन बसतो. टॅब उघडल्यावर जिल्ह्याऐवजी सगळे जग दिसते, ते यामुळे. मॅपलिब्रेमध्ये हेच दुखणे वेगळे दिसते: कंटेनरचे माप शून्य आले तर ती ४०० बाय ३०० धरून चालते. मोठ्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात बरोबर तेवढाच नकाशा चिकटलेला दिसला तर कारण हेच.

सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे सेट-टाइमआउट लावून ४०० मिलिसेकंदांनी इन्व्हॅलिडेट-साइज (नकाशाला पुन्हा माप घ्यायला लावणारे फंक्शन) बोलावणे. तो करू नका. तुमच्या लॅपटॉपवर टॅबचे ॲनिमेशन ३०० मिलिसेकंदांत संपते, तालुक्याच्या ठिकाणच्या स्वस्त फोनवर संपत नाही, आणि तोच फोन तुमच्या खऱ्या वाचकाच्या हातात असतो. रिसाइझ-ऑब्झर्व्हर २०२० पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. तो विंडोवर नव्हे, थेट त्या घटकावर नजर ठेवतो. डिस्प्ले ननमधून घटक बाहेर आला, म्हणजे माप शून्यावरून ७०० झाले, की तो बोलावतो. नजर ठेवायला लागल्यावर पहिल्यांदा आपणहूनही बोलावतो, म्हणून सगळे काम त्या एकाच फंक्शनमध्ये मावते.

ते फंक्शन असे लिहा. माप शून्य असेल तर काही न करता परत फिरा. माप आहे पण नकाशा अजून तयार नाही, तर आत्ता तयार करा आणि लगेच फिट-बाउंड्स करा. नकाशा आधीच आहे, तर इन्व्हॅलिडेट-साइज करा. बस. नकाशा शून्य मापावर कधी जन्मालाच येत नाही, त्यामुळे वरचे दोन्ही घोळ उद्भवत नाहीत. शिवाय न उघडलेल्या टॅबच्या टाइल्स वाचकाच्या डेटा पॅकमधून उतरत नाहीत. साइडबार हळूहळू मिटत असेल तर हे फंक्शन प्रत्येक फ्रेमला चालेल. इन्व्हॅलिडेट-साइजला डिबाउन्स-मूव्हएंड हा पर्याय द्या, लीफलेट स्वतः विंडोच्या रिसाइझला तोच वापरतो. नाहीतर मूव्हएंडवर (नकाशा हलायचा थांबल्याच्या सूचनेवर) सर्व्हरकडून केंद्रांची यादी मागवणारा तुमचा कोड सेकंदाला डझनभर विनंत्या पाठवेल. कंपोनंट पानावरून निघताना ऑब्झर्व्हर सोडा आणि नकाशाचे ‘रिमूव्ह’ बोलवा. रिॲक्टसारख्या ठिकाणी हे राहिले की ‘कंटेनर आधीच वापरात आहे’ ही तक्रार ठरलेली. ओपनलेयर्स किंवा मॅपलिब्रेच्या नव्या आवृत्त्या ऑब्झर्व्हर स्वतःच लावतात. तिथे नकाशा उशिरा तयार करण्याचा भाग तेवढा तुमच्याकडे राहतो.

एक चक्र मात्र टाळा. नकाशाचे माप बदलले की लेजेंड (खुणांची सूची) खाली सरकतो, लेजेंडमुळे चौकटीची उंची बदलते, उंची बदलली की ऑब्झर्व्हर पुन्हा बोलावतो. ब्राउझर ‘रिसाइझ-ऑब्झर्व्हर लूप’ अशी कुरकुर करतो ती यावर. ज्या चौकटीवर नजर ठेवली आहे तिची उंची आतल्या कुठल्याही गोष्टीवर अवलंबून नसावी. ॲब्सोल्यूट आणि इनसेट ० ने हे आपोआप साधते.

माप बदलल्यावर नकाशाने काय दाखवायचे यावर फारसे कुणी बोलत नाही, आणि वापरणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त जाणवते. इन्व्हॅलिडेट-साइज मधला बिंदू मध्येच ठेवतो, झूम तोच राहतो. फोन उभ्याचा आडवा केला की उंची निम्मी होते आणि वरची-खालची केंद्रे कापली जातात. वाचकाने नकाशाला अजून हात लावलेला नसेल तर पुन्हा फिट-बाउंड्स करावे, कारण त्याला सगळा जिल्हा बघायचा आहे. पण त्याने एखाद्या गावावर झूम केले असेल आणि नीट दिसावे म्हणूनच फोन आडवा केला असेल, तर त्याचे गाव हिसकावून पुन्हा जिल्हा समोर ठेवणे हा उद्धटपणा आहे. म्हणून एक खूण ठेवा: ड्रॅग, चिमटा, चाक किंवा झूमची बटणे यांपैकी काहीही वापरले गेले की ‘वाचकाने हलवला’. ती खूण नसेल तर फिट, असेल तर फक्त इन्व्हॅलिडेट. आणि नकाशावर ‘पूर्ण जिल्हा’ असे एक छोटे बटण ठेवा, ते खूण पुसून परत फिट करते. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूचे पॅनल नकाशाच्या अंगावर उघडत असेल तर चौकटीचे माप बदलतच नाही. तिथे फिट-बाउंड्सला डावीकडचे पॅडिंग पॅनलच्या रुंदीएवढे द्या, म्हणजे जिल्हा उरलेल्या जागेच्या मध्यावर येतो.

डॅशबोर्डमधली आणखी एक नेहमीची तक्रार: विंडो मोठी केली की नकाशा वाढतो, लहान केली की आकसत नाही. फ्लेक्स आणि ग्रिडमधल्या घटकांची किमान रुंदी मुळात ‘ऑटो’ असते, म्हणजे आतला सगळ्यात रुंद तुकडा. नकाशाच्या शेजारच्या किंवा खालच्या टेबलने ती धरून ठेवलेली असते आणि आळ नकाशावर येतो. त्या घटकाला मिन-विड्थ ० द्या, ग्रिडच्या कॉलमला १एफआर ऐवजी मिनमॅक्स ०, १एफआर.

आयफ्रेमचे नियम वेगळे आहेत. माप दिले नाही तर आयफ्रेम ३०० बाय १५० पिक्सेलचा होतो. चिमुकला नकाशा दिसतो तो यामुळे. आत मात्र व्हीएच, एसव्हीएच आणि मीडिया क्वेरी या सगळ्या गोष्टी फोनच्या स्क्रीनवरून नव्हे, आयफ्रेमच्या चौकटीवरून मोजल्या जातात. म्हणून आयफ्रेमच्या आत मॅक्स-हाइट ७० एसव्हीएच ठेवली तर नकाशा चौकटीच्या ७० टक्के होऊन खाली पांढरी पट्टी उरते. एम्बेडसाठी वेगळे पान करा, तिथे नकाशा चौकटभर, मर्यादा एकही नाही. रेशो आणि कमाल-किमान उंची हे सगळे तुम्ही दुसऱ्या संस्थेला देता त्या आयफ्रेमच्या कोडमध्ये जाते. त्या कोडमध्ये विड्थ ६००, हाइट ४५० हे ॲट्रिब्यूटही ठेवा. गुगल मॅप्सचा एम्बेड कोडही मुळात याच मापाचा असतो, आणि काही साइट्सचे एडिटर स्टाइल छाटून टाकतात, तेव्हा निदान एवढे तरी शाबूत राहते. पण हाइट ॲट्रिब्यूट असला की ॲस्पेक्ट-रेशो दुर्लक्षित होतो, म्हणून स्टाइलमध्ये विड्थ १०० टक्के आणि रेशोबरोबर ‘हाइट ऑटो’ आवर्जून लिहा. ही एक ओळ सुटल्यामुळे ४५० वर अडकलेले आयफ्रेम मी वारंवार पाहतो. लोडिंग ‘लेझी’, टायटलमध्ये ‘आरोग्य केंद्रांचा नकाशा’ असे खरे नाव, आणि फुलस्क्रीनची परवानगी. स्क्रीन-रीडर वापरणाऱ्याला त्या टायटलशिवाय ही चौकट कसली आहे ते कळत नाही.

आतल्या बटणांनी आणि लेजेंडनेही चौकटीकडे पाहावे, स्क्रीनकडे नव्हे. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात नकाशा ३४० पिक्सेलचा असतो पण स्क्रीन १३६६ चा, त्यामुळे मीडिया क्वेरी तिथे चुकीचे उत्तर देते. कंटेनर क्वेरी (चौकटीच्या मापावर चालणारे नियम) २०२३ च्या सुरुवातीपासून सगळीकडे चालतात. होस्टवर कंटेनर-टाइप ‘इनलाइन-साइझ’ द्या आणि ४८० च्या खाली लेजेंड मिटवून त्याचे बटण करा. झूमची बटणे लहान करू नका, जागा कमी आहे तेव्हाच बोट जास्त चुकते. ओपनस्ट्रीटमॅपचे श्रेय कितीही लहान चौकटीत दिसले पाहिजे; मॅपलिब्रे ६४० पिक्सेल किंवा त्याहून अरुंद नकाशात ते छोट्या बटणात मिटवून दाखवते, लीफलेटमध्ये ओळ दुमडू द्या पण लपवू नका.

पॉपअपची कमाल रुंदी लीफलेटमध्ये ३०० पिक्सेल असते, आणि ३२० च्या नकाशात तो कडांना भिडतो. ‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ असे लांब शीर्षक आणि खाली वेळा, फोन, पत्ता एवढा मजकूर ठेवलात तर तो उंचीनेही चौकटीबाहेर जातो. मॅक्स-विड्थ ‘नकाशाची रुंदी वजा ६०’ आणि ३०० यांतली लहान ठेवा, मॅक्स-हाइट नकाशाच्या उंचीच्या साधारण ६० टक्के, म्हणजे जास्तीचा मजकूर पॉपअपच्या आतच सरकेल. ही दोन्ही मापे पॉपअप उघडताना काढा, तयार करताना नव्हे, कारण मधल्या वेळात फोन फिरलेला असू शकतो. चौकट ३६० च्या खाली असेल तर पॉपअप सोडूनच द्या आणि तोच मजकूर नकाशाच्या खाली, पानाच्या साध्या प्रवाहात दाखवा. तिथे त्याला हवी तेवढी उंची मिळते.